जेर-जबरचा कायदा

कुरआन आणि मुसहफ हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. त्यांचा अर्थ मात्र एक नाही. कुरआन म्हणजे ज्याचे पठण होते ते. ते पठण ज्या पानांवर उतरवले, ती दोन पुठ्ठ्यांमधली पाने म्हणजे मुसहफ. कुरआनच्या रक्षणाची हमी अल्लाहने स्वतः घेतली आहे, ही आमची श्रद्धा आहे. मुसहफ मात्र माणूस लिहितो, माणूस छापतो आणि माणूसच बांधतो. कातिबची लेखणी घसरते, मशीनवर फर्मा उलटा लागतो, बाइंडर एक फर्मा दोनदा घालतो आणि दुसरा विसरतो. हाफिजाला अशी चूक तत्काळ कळते. पण घरात एकच मुसहफ असलेल्या आणि अर्थ न कळता वाचणाऱ्या माणसाला ती कळत नाही. तो चुकीचे वाचतो आणि मुलांनाही तसेच शिकवतो.

म्हणून मुसहफ छापणाऱ्यावर कुणाची तरी नजर असावी, ही अपेक्षा रास्त आहे. ती नजर कुणाची असावी आणि कुठवर जावी, हा वादाचा मुद्दा आहे. गेल्या शंभर वर्षांत अनेक मुस्लिम देशांच्या सरकारांनी कुरआन व अन्य धार्मिक ग्रंथांच्या छपाईसाठी कायदे केले, मंडळे नेमली, परवाने सुरू केले. आमच्याकडे एखाद्या देवनागरी पंजसूरहमध्ये ढोबळ चूक सापडली की कुणीतरी म्हणतेच, “पाकिस्तानात कायदा आहे, मलेशियात आहे, मग इथे का नको?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर देण्याआधी त्या कायद्यांनी तिथल्या ग्रंथांचे आणि प्रकाशकांचे काय केले, हे वाचून पाहिले पाहिजे. आम्ही इथे तेवढेच करणार आहोत.

एका खुणेचे मोल

मराठी माणसाला ‘ध’चा ‘मा’ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीतल्या एका अक्षराने ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही त्यामागची कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ती खरी की खोटी हे इतिहासकार पाहतील. एका अक्षराने माणूस मरू शकतो, हे मराठीने त्या कथेतून मनात धरून ठेवले आहे.

अरबीत तर धोका आणखी बारीक. ‘काफ’ दोन आहेत. मोठ्या काफने लिहिलेला ‘कल्ब’ म्हणजे हृदय आणि छोट्या काफने लिहिलेला ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. ‘ऐन’ने सुरू होणारा ‘अलीम’ म्हणजे सर्वज्ञ, ही अल्लाहची सिफत. ‘अलिफ’ने सुरू होणारा ‘अलीम’ म्हणजे यातना देणारा, हे अजाबचे विशेषण. शिवाय जेर आणि जबर आहेतच. खालची खूण वर गेली की कर्त्याचे कर्म होते आणि वाक्याचा अर्थ फिरतो. मकतबात मूल पहिल्या दिवशी जी पुस्तिका हातात घेते तिला आपण ‘कायदा’च म्हणतो, बगदादी कायदा किंवा नूरानी कायदा. या खुणांची शिस्त त्या कायद्याने लागते. छापणाऱ्यालाही ती लागू आहे, याबद्दल कुणाचा वाद असण्याचे कारण नाही.

सत्तेचा हात जुना आहे

कुरआनच्या प्रतीवर राज्यसत्तेने हात ठेवला तो छापखान्याच्या कितीतरी आधी. इ. स. ६५०च्या सुमारास हजरत उस्मान यांनी हजरत जैद बिन साबित व त्यांच्या सहकाऱ्यांकडून प्रमाण प्रती करवून घेतल्या, त्या मोठ्या शहरांना पाठवल्या आणि इतर लिखित प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. फुटीचे कारण टळले म्हणून उम्मतने हा निर्णय मान्य केला. तरी त्याही वेळी कूफ्यात हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद नाराज होते, असे परंपराच सांगते. ती नाराजी आपल्या पूर्वसुरींनी लपवली नाही, नोंदवून ठेवली.

त्या प्रतींवर नुक्ते नव्हते आणि जेर-जबरही नव्हते. त्या खुणा पुढच्या काळात अबुल अस्वद दुअली, नस्र बिन आसिम, खलील बिन अहमद अशा भाषापंडितांच्या कामातून येत गेल्या. त्यामुळे प्रत एक असूनही तिच्यात अनेक किराअतींना जागा राहिली. आज भारतात हफ्सची रिवायत चालते, मोरोक्कोत वर्शची. दोन्ही खऱ्या मानल्या जातात.

सत्तेचा हात केवळ प्रतीवर राहिला नाही, याचेही उदाहरण जुने आहे. ९३५ साली बगदादमध्ये इब्न शन्नबूज या कारींवर खटला चालला. उस्मानी प्रतीत न बसणारे पाठ ते जाहीरपणे म्हणत, हा त्यांच्यावरचा आरोप. त्यांना फटके मारण्यात आले आणि तौबा लिहून घेण्यात आली. हे ज्याच्यासमोर घडले तो वजीर इब्न मुक्ला स्वतः अरबी सुलेखनाचा महान उस्ताद होता. अक्षरांची प्रमाणे बांधून देणारा म्हणून आजही त्याचे नाव घेतात. पुढे राजकारण फिरले आणि त्याच इब्न मुक्लाचा उजवा हात तोडण्यात आला. दंडाची ताकद ज्याच्या हाती असते तो बदलत राहतो. कायदा मागणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दगडी छापा ते कैरोची प्रत

अरबी कुरआनची पहिली ज्ञात संपूर्ण छापील प्रत व्हेनिसमध्ये १५३७-३८ साली पागानिनी बापलेकांनी छापली. तिच्यात इतक्या चुका होत्या की मुस्लिम वाचकाने ती हातात धरली नसती. तिची एक प्रत १९८७ साली व्हेनिसच्याच एका मठाच्या ग्रंथालयात सापडली, तोवर ती केवळ दंतकथा मानली जात होती. १८०३ पासून रशियातल्या कझान शहरात मुस्लिमांसाठी कुरआन छापले जाऊ लागले. पण खिळ्यांच्या छपाईवर मुस्लिमांचे मन बसेना. ते बसले दगडी छाप्यावर, कारण त्यात कातिबच्या हाताचे अक्षर जसेच्या तसे उतरत असे. एकोणिसाव्या शतकात लखनौ, कानपूर, मुंबई इथून दगडी छाप्याचे कुरआन दूरवर गेले. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याचे त्यात मोठे काम आहे. मुन्शीजी हिंदू होते. ते कुरआन छापू शकतात का, हा प्रश्न त्या काळच्या वाचकाने विचारला नाही. छापलेले शुद्ध आहे का, एवढेच पाहिले.

सरकारी प्रमाण प्रतीची आधुनिक कथा इजिप्तपासून सुरू होते. सरकारी शाळांसाठी बाहेरून आणलेल्या मुसहफांत चुका आढळल्या. मग अल-अजहरशी संबंधित जाणकारांची समिती बसली आणि १९२४ साली राजा फुआदच्या नावाने ओळखली जाणारी कैरोची प्रत निघाली. आमच्या दृष्टीने या प्रतीचा सर्वांत मोलाचा भाग तिच्या शेवटी जोडलेले निवेदन हा आहे. हफ्सची रिवायत घेतली, अक्षरलेखनासाठी अमुक पूर्वसुरींचे ग्रंथ प्रमाण मानले, आयतींची गणना कूफी पद्धतीने ६२३६ धरली, हे सगळे तिथे सांगितले आहे. समितीने हुकूम सोडण्यापेक्षा आपले काम वाचकापुढे उघडे करून ठेवले. पुढे ही प्रत जगभर पसरली. १९८४ साली मदिनेत सुरू झालेल्या बादशहा फहद मुद्रणसंकुलाने हफ्सबरोबर वर्शची रिवायतही छापली आणि भारत-पाकिस्तानातल्या वाचकाला सवयीच्या असलेल्या खुणांची प्रतही छापली. प्रमाण प्रत असणे आणि एकच प्रत असणे यात अंतर आहे, हे त्या संकुलालाही मान्य करावे लागले.

अक्षराचे नियम

पाकिस्तानच्या १९७३च्या राज्यघटनेत एकतिसावे कलम आहे. कुरआनची शुद्ध आणि अचूक छपाई होईल यासाठी राज्य प्रयत्न करील, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी छपाईतल्या आणि ध्वनिमुद्रणातल्या चुका दूर करण्याचा कायदा तिथे झाला. कायद्याच्या नावातच ‘चुका दूर करणे’ हे शब्द आहेत. मलेशियात १९८६चा कुरआन-मुद्रण कायदा आहे. छपाई, आयात, प्रकाशन, वितरण या सगळ्यांवर गृहखात्याखालच्या मंडळाची देखरेख असते आणि मजकूर उस्मानी लेखनपद्धतीचा असावा लागतो. इंडोनेशियात धर्मखात्याखाली लजना नावाचे तपासणी मंडळ आहे. १९८४ साली त्या देशाने तीन प्रमाण मुसहफ ठरवले. एक उस्मानी पद्धतीचा, एक हाफिजांच्या सोयीचा बहरिया आणि तिसरा अंधांसाठी ब्रेलचा. सरकारी फायलीतून अंध वाचकाची आठवण निघावी, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते.

हे नियम पाळणे म्हणजे प्रकाशकाला काय करावे लागते? नमुना प्रत द्यायची. ती जाणकारांनी ओळीओळीने तपासायची. चुका निघाल्या की दुरुस्त करून पुन्हा द्यायची. मंजुरीची खूण छापायची आणि छापणाऱ्याचे नाव-गाव लपवायचे नाही. कामाला वेळ लागतो, खर्च वाढतो, लहान प्रकाशक कुरकुरतो. तरी हे ओझे न्याय्य आहे असे आम्ही म्हणतो, कारण यात तपासणाऱ्याचे मत चालत नाही. जेर आहे की जबर, याला दोन उत्तरे नसतात. तपासणाऱ्याची चूक झाली तर तीही दुसरा कोणी हाफिज दाखवून देऊ शकतो.

२०१७ साली इंडोनेशियात एका प्रकाशनाच्या मुसहफात अल-माइदा सूरहच्या ५१ ते ५७ या आयती नसल्याचे आढळले. तो काळ नाजूक होता. त्याच सूरहच्या एक्कावन्नाव्या आयतीवरून जाकार्ताच्या ख्रिस्ती राज्यपालांवर धर्मनिंदेचा खटला चालला होता आणि रस्त्यावर लाखोंचे मोर्चे निघाले होते. आयती मुद्दाम गाळल्या, अशी आवई उठायला वेळ लागला नसता. प्रकरण लजनाकडे गेले आणि सदोष प्रती मागे घेण्यात आल्या. चुकीचे निराकरण चूक म्हणूनच झाले. अक्षराचा नियम नीट चालला तर प्रकाशकाचेही संरक्षण करतो, तो असा.

अक्षराकडून माणसाकडे

आता दुसरी बाजू. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली आणि ‘जबर’ म्हणजे वर. मराठीतले ‘जेरीस आणणे’ आणि ‘जबरदस्ती’ हे शब्द त्यांच्यापासूनच आले. जेर-जबर तपासण्यासाठी केलेला कायदा जबरदस्तीकडे कसा जातो, हे पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात पाहायला मिळते.

तिथे २०११ साली कुरआनच्या मुद्रण व ध्वनिमुद्रणाचा प्रांतिक कायदा झाला. त्याच्या सातव्या कलमात छपाईच्या चुकांपलीकडचा विषय आला. मुस्लिमांच्या श्रद्धेविरुद्ध जाणारा अनुवाद, अर्थ किंवा भाष्य यावर बंदी आली. चूक म्हणजे काय हे हाफिज सांगू शकतो. श्रद्धेविरुद्ध काय, हे कोण सांगणार? देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिया यांचे अनुवाद शेजारी-शेजारी ठेवले तर प्रत्येकाला दुसऱ्याच्या चार ओळी खटकतील. २०२१च्या दुरुस्तीने अशा मजकुराचे वितरणही गुन्हा ठरले.

या कायद्याची परीक्षा एका अहमदी माणसाच्या प्रकरणात झाली. अहमदी जमातीचे एक भाष्य २०१९ साली वाटले, असा त्याच्यावरचा आरोप. गुन्हा नोंदला गेला २०२२च्या डिसेंबरात आणि अटक झाली जानेवारी २०२३मध्ये. म्हणजे जे कृत्य २०२१ साली गुन्हा ठरले ते २०१९ साली केले म्हणून माणूस तुरुंगात गेला. त्याच्यावर लावलेले दुसरे कलम तर इंग्रजांनी केलेल्या १९३२च्या कायद्यातले होते. त्याची कमाल शिक्षा सहा महिने, आणि जामिनाची सुनावणी होईपर्यंत माणूस तेरा महिने आत होता. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश काजी फाएज ईसा यांच्या खंडपीठाने त्याला सोडले. त्यावरून देशभर गदारोळ झाला, निदर्शने झाली, न्यायाधीशांना धमक्या आल्या. जुलैत फेरविचाराचा निकाल आला. त्यानेही समाधान झाले नाही, तेव्हा २२ ऑगस्ट २०२४ रोजी उलेमांचे म्हणणे ऐकून न्यायालयाने आपल्या निकालातले काही परिच्छेद वगळले.

अहमदियांच्या अकीद्याबद्दल या वार्षिकाच्या वाचकांचे मत काय आहे, हे आम्ही जाणतो आणि त्या वादात इथे पडत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. जो कायदा घटनेतल्या ‘अचूक छपाई’ या दोन शब्दांवरून निघाला, तो या माणसापर्यंत पोचेतो त्यात छपाई उरली नव्हती. त्या पुस्तकात कुठे जेर चुकला, कुठे आयत गळली, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. पुस्तक कुणाचे आणि वाटणारा कोण, एवढेच पाहिले गेले. नवलकिशोर यांचा मुसहफ हाती घेताना आपल्या पणजोबांनी नेमके याच्या उलट केले होते.

एकदा कायदा या वाटेला लागला की तो कुठे थांबेल हे सांगता येत नाही. जुलै २०२०मध्ये त्याच पंजाबच्या विधानसभेने इस्लामच्या पायाच्या रक्षणासाठी म्हणून एक विधेयक मंजूर केले. माहिती खात्याच्या अधिकाऱ्याने छापखाने, प्रकाशनसंस्था आणि पुस्तकांची दुकाने तपासावीत, आक्षेपार्ह पुस्तके जप्त करावीत, अशी त्यात तरतूद होती. कोणत्या आदरणीय व्यक्तीच्या नावाआधी-नावापुढे कोणती उपाधी छापायची, हेही त्यात ठरवून दिले होते. शिया समाजाने तीव्र हरकत घेतली आणि राज्यपालांनी सही केली नाही, म्हणून ते विधेयक कायदा झाले नाही. त्याच महिन्यात तिथल्या पाठ्यपुस्तक मंडळाने खासगी प्रकाशकांच्या शंभर शालेय पुस्तकांवर बंदी जाहीर केली. नावापुढची उपाधी चुकली की दुकान बंद पडेल, अशी टांगती तलवार असेल तर इतिहासाचे पुस्तक कोण छापणार?

मलेशियातही हेच वळण दिसते. मे २०१२मध्ये क्वालालंपूरच्या एका मोठ्या पुस्तकदालनावर धर्मखात्याच्या अधिकाऱ्यांनी धाड घातली. इर्शाद मंजी यांचे एक पुस्तक तिथे विक्रीला होते. धाड २३ मे रोजी पडली आणि त्या पुस्तकावरच्या बंदीचे राजपत्र निघाले २९ मे रोजी. दालनात नोकरी करणाऱ्या मुस्लिम व्यवस्थापक बाईंवर शरियत न्यायालयात खटला भरला गेला. दुकानात कोणती पुस्तके ठेवायची हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते. उच्च न्यायालयाने २०१३ साली ही कारवाई बेकायदा ठरवली. मलय अनुवादाच्या प्रकाशकालाही शरियत न्यायालयाची पायरी चढावी लागली. लाहोर आणि क्वालालंपूर यांत हजारो मैलांचे अंतर. दोन्हीकडे माणूस आधी पकडला गेला आणि त्या कृत्यावरची बंदी आधी किंवा नंतर होती, याचा हिशेब पुढे न्यायालयात मांडावा लागला.

अशा नियमाचे पालन प्रकाशक कसे करतो, ते सांगायला संशोधनाची गरज नाही. तो तळटीप गाळतो. नव्या अनुवादकाला परत पाठवतो. पन्नास वर्षांपूर्वीचा, कुणाची हरकत नसलेला अनुवाद पुन्हा छापतो. कागदावर पालन शंभर टक्के असते आणि वाचकाच्या हाती जुनेच पुस्तक नव्या पुठ्ठ्यात येते.

आपल्या देशात

भारतात कुरआनच्या अक्षराचा कायदा नाही. १८६७चा मुद्रण-नोंदणी कायदा पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-गाव छापायला लावत असे. मार्च २०२४पासून त्याची जागा घेणारा नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्याबाहेर राहिली. दंडाची कलमे मात्र आहेत. १९२७ साली आलेले धर्मभावना दुखावण्याचे कलम २९५-अ नव्या न्यायसंहितेत २९९ क्रमांकाने बसले आहे, आणि पुस्तक सरकारजमा करण्याचा अधिकारही कायम आहे.

आपल्या न्यायालयांनी कुरआनच्या बाबतीत मर्यादा पाळली, हे नोंदवले पाहिजे. १९८५ साली कुरआनवरच बंदी मागणारा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती बसाक यांनी तो त्याच वर्षी मे महिन्यात फेटाळला. सव्वीस आयती काढून टाका म्हणणारा अर्ज २०२१च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास हजारांचा दंड करून फेटाळला. रशियात २०१३ साली नोवोरोसिस्कच्या एका न्यायालयाने कुरआनचा एक रशियन अनुवाद अतिरेकी साहित्य ठरवला होता. वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि २०१५ साली तिथे धर्मग्रंथांना अशा खटल्यांतून वगळणारा कायदा करावा लागला. पवित्र ग्रंथाचा अर्थ न्यायाधीशाने लावायला घेतला की काय होते, याचा तो धडा होता.

पण कुरआन सुटला म्हणून कुरआनवरचे भाष्य सुटते असे नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये श्रीनगरच्या पुस्तकांच्या दुकानांतून पोलिसांनी ६६८ पुस्तके उचलली. त्यांतली बरीच मौलाना मौदूदींची होती आणि दिल्लीत उघडपणे छापली व विकली जाणारी होती. ऑगस्ट २०२५मध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने पंचवीस पुस्तके सरकारजमा केल्याचे जाहीर केले. त्या यादीत नूरानींचे काश्मीरवरचे पुस्तक होते तसे मौदूदींचे ‘अल-जिहाद फिल इस्लाम’ही होते. मौदूदींच्या विचारांशी आमचे जमत नाही. पण दिल्लीत मिळणारे पुस्तक श्रीनगरात ठेवायचे की नाही, हे दुकानदाराने कोणता नियम वाचून ठरवावे? लाहोरच्या दुकानदाराचाही प्रश्न हाच आहे. इथे कायदा मागणाऱ्या आमच्या मित्रांनी हे दोन दुकानदार एकदा शेजारी उभे करून पाहावेत. अर्थ तपासण्याचा अधिकार आपण आपल्या मसलकासाठी मागू, पण तो वापरणारा हात आपला नसेल.

मराठीचा मार्ग

मग मराठी प्रकाशकाने काहीच पाळू नये का? पाळावे, आणि कायदा नाही म्हणून अधिक काटेकोरपणे पाळावे. आमच्या शेल्फवरची पुस्तके आम्ही पाहिली आहेत. काही पुस्तकांवर अनुवादकाचे नाव नाही, काहींवर सालही नाही. अनुवाद थेट अरबीवरून की उर्दूवरून, ते सांगितलेले नाही. इनपेजमध्ये जुळवलेला अरबी मजकूर मराठीच्या फाइलीत आणताना अक्षरे सुटी होतात, शब्द डावीकडून उजवीकडे उलटतो, आणि तो तसाच छापला जातो. देवनागरीतल्या यासीन शरीफमध्ये तर ऐन आणि अलिफ दोन्हींचा ‘अ’, सीन, साद आणि से तिन्हींचा ‘स’, जाल, जे, ज्वाद आणि जोय चारांचा ‘ज’. मग यातना देणारा आणि सर्वज्ञ हे दोघे एकाच ‘अलीम’मध्ये कोंबले जातात. अरबी मजकुराशिवाय नुसत्या दुसऱ्या लिपीत कुरआन छापू नये, असे उलेमा का सांगतात, ते इथे कळते. गावाकडच्या आमच्या आयाबहिणींना देवनागरीशिवाय दुसरी लिपी येत नाही, हेही खरे. त्यांच्यासाठी अरबी ओळ वर, देवनागरी खाली आणि सुरुवातीला खुणांचा तक्ता, एवढे तरी हवे.

हे करायला सरकार लागत नाही, याचा पुरावा मराठीतच आहे. एकनाथ महाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तुकोबांच्या गाथेची प्रत १८६९ साली सरकारी साहाय्याने निघाली आणि १९५० साली मुंबई सरकारने तिच्याच आधाराने स्वतःची प्रत काढली. पण सरकारने आपली प्रत काढली म्हणून वारकऱ्यांच्या फडांच्या प्रतींवर बंदी घातली नाही. जोग महाराजांची प्रत चालू राहिली, देहूकरांची चालू राहिली. पाठभेदांवर विद्वान भांडले, त्यातून अभ्यास वाढला. विनोबांनी कुरआनातून निवड करून सार काढले, साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर लिहिले, तेव्हाही ‘तुम्ही कोण?’ असे विचारणारा परवाना-अधिकारी मध्ये नव्हता. त्यांचे कुठे चुकले ते वाचकाने म्हणावे, समीक्षकाने लिहावे.

तेव्हा आमचे मागणे सरकारकडे नाही. प्रकाशकांनी प्रत्येक धार्मिक पुस्तकावर अनुवादकाचे नाव, मूळ कोणते, आवृत्तीचे साल आणि छापणाऱ्याचा पत्ता द्यावा. अरबी मजकूर दोन हाफिजांकडून, शक्य तर दोन वेगळ्या मदरशांतल्या, वाचून घ्यावा आणि त्यांची नावे छापावीत. अनुवाद कोणत्या मसलकाच्या दृष्टीने केला ते कैरोच्या समितीसारखे शेवटी निवेदनात सांगावे. चूक निघाली तर शुद्धिपत्र काढावे आणि ते आधी विकलेल्या प्रतींपर्यंत पोचवावे. मशिदीच्या फलकावर जुम्याला लावले तरी चालेल. वाचकाने चूक दिसली की पुस्तक गुपचूप विहिरीत सोडू नये, प्रकाशकाला कळवावे.

आणि अर्थाचे काय? ते काम आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचे आहे. कुरआनचे मराठी अनुवाद समोर ठेवून, एकेका आयतीचे मराठी कसे झाले, कुठे उर्दूची छाया पडली, कुठे संस्कृत शब्दाने भलताच अर्थ आणला, याची समीक्षा आमच्या वार्षिकांतून फार थोडी आली आहे. ज्याला अनुवाद पटत नाही त्याने दुसरा करावा आणि दोन्ही दुकानात राहावेत. पुढच्या अंकासाठी अशी एखादी तौलनिक समीक्षा कुणी पाठवली, तर आम्ही ती सर्वांत आधी वाचू.